दीडशे मीटरवरची मुळं : व्हॅन गॉगच्या शेवटच्या चित्राची जागा कशी सापडली

जागा शोधणारा माणूस चित्रात आधी आभाळाची कड बघतो. डोंगराची रेघ, चर्चचा मनोरा, नदीचं वळण, एखाद्या घराचं छप्पर, यांपैकी एक जरी हाती लागलं तरी नकाशा उघडता येतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या 'झाडांची मुळं' या चित्रात यातलं काहीच नाही. आभाळ नाही, क्षितिज नाही, रस्ता नाही, माणूस नाही. 50 सेंटिमीटर उंच आणि 100 सेंटिमीटर रुंद अशा आडव्या कॅनव्हासभर नुसती मुळं, बुंधे, पानं आणि त्यांच्या फटींतून दिसणारी पिवळसर माती. मुळांचा रंगही निळा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे मुळांचं चित्र आहे हेसुद्धा चटकन कळत नाही. म्हणूनच अनेकांनी त्यात पुढच्या अमूर्त चित्रकलेची चाहूल पाहिली.

या चित्राची जागा 2020 साली सापडली, आणि तीही एका जुन्या पोस्टकार्डावरून. लँडस्केप करायला बाहेर बसणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण सविस्तर वाचावं असं मला मनापासून वाटतं. जागेचा शोध म्हणजे नुसतं पर्यटन असं मानणाऱ्यांनी तर नक्कीच.

गाव आणि सोपे स्पॉट

पॅरिसपासून तीसेक किलोमीटरवर वाझ नदीकाठी ओव्हेर-सुर-वाझ नावाचं गाव आहे. सँ-रेमीच्या मनोरुग्णालयातलं वर्षभराचं वास्तव्य संपवून व्हिन्सेंट 20 मे 1890 ला इथे आला. राव्हू कुटुंबाच्या खानावळीत माळ्यावरची छोटी खोली त्याने भाड्याने घेतली. डॉक्टर गाशे त्याच्यावर लक्ष ठेवून होते. 27 जुलैला त्याला गोळी लागली आणि 29 जुलैला तो गेला. म्हणजे जेमतेम 70 दिवस, आणि तेवढ्यात 70 च्या आसपास चित्रं.

यातल्या बऱ्याच चित्रांच्या जागा शोधायला कष्ट पडत नाहीत. ओव्हेरचं चर्च त्याच जागी उभं आहे. त्याचं चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. 14 जुलैला पताका लावलेली गावची पालिका त्याने रंगवली, ती खानावळीच्या समोरच. आज गावात हिंडताना अशा अनेक ठिकाणी चित्राची प्रतिकृती लावलेले फलक दिसतात. तिथे उभं राहायचं, एकदा फलकाकडे आणि एकदा समोर बघायचं.

काही जागांना थोडी जास्त मेहनत लागली. त्याच्या 'रात्रीचं पांढरं घर' या चित्रात घरावर एक ठळक तारा आहे. टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीतले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी गावात जाऊन ते घर शोधून काढलं, घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते पाहिलं, आणि त्या काळच्या आकाशाचं गणित मांडलं. तारा म्हणजे शुक्र, आणि संध्याकाळ 16 जून 1890 ची, असा निष्कर्ष निघाला. व्हिन्सेंटच्या लगेच नंतरच्या पत्रात या चित्राचा उल्लेख आहे, त्यामुळे हिशेब जुळला. पण इथे हाताशी घर होतं आणि ग्रह होता. मुळांच्या चित्रात दोन्ही नव्हतं.

हेच चित्र का महत्त्वाचं

व्हॅन गॉगचं शेवटचं चित्र कोणतं असं विचारलं तर आजही बहुतेक जण कावळ्यांचं नाव घेतील. गव्हाचं शेत, काळवंडलेलं आभाळ, मध्येच तुटणारी वाट, वर कावळ्यांचा थवा. हॉलिवुडच्या 1956 सालच्या चित्रपटाने तर ते चित्र आणि गोळीचा आवाज यांची गाठच मारून टाकली. मृत्यूच्या आधी मृत्यूचं चित्र, ही गोष्ट सांगायला इतकी सोयीची आहे की तारखेकडे बघायची गरज कुणाला वाटली नाही.

तारीख मात्र वेगळं सांगते. साधारण 10 जुलैला भाऊ तेओ आणि भावजय यो यांना लिहिलेल्या पत्रात व्हिन्सेंट म्हणतो की, वादळी आभाळाखाली दूरवर पसरलेली गव्हाची शेतं असलेले मोठे कॅनव्हास त्याने रंगवले आहेत, आणि त्यांत दुःख आणि टोकाचा एकटेपणा मांडायचा त्याने प्रयत्न केला आहे. कावळ्यांचं चित्र याच सुमाराचं धरलं जातं. त्यानंतर तो आणखी दोन आठवड्यांहून जास्त जगला आणि रोज काम करत राहिला. 23 जुलैच्या पत्रात तर त्याने तेओकडे रंगांची मागणी केली आहे.

मग शेवटचं कोणतं? तेओचा मेहुणा आंद्रिस बोंगर याच्या एका पत्रात उत्तर होतं. मृत्यूच्या आदल्या सकाळी (म्हणजे गोळी लागली त्या दिवशी, असं मानलं जातं) व्हिन्सेंटने रानाच्या आतल्या भागाचं, ऊन आणि चैतन्य यांनी भरलेलं चित्र रंगवलं होतं, असं तो लिहितो. हे वर्णन बसतं असं आणि अपुरं राहिलेलं चित्र म्हणजे 'झाडांची मुळं'. ते जिथे ठेवलेलं आहे त्या ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममधले अभ्यासक लुई व्हॅन टिलबोर्ग आणि जुन्या झाडोऱ्याचे जाणकार बर्ट माइस यांनी 2012 साली या चित्राचा बारकाईने अभ्यास मांडला. माइस झाडांच्या नजरेने बघणारे. चित्रात जे दिसतं ते जंगलाच्या जमिनीवरचं दृश्य नसून उभा उतार आहे, आणि माती निघून गेल्यामुळे त्यातली मुळं उघडी पडली आहेत, हे या अभ्यासातून पुढे आलं. झाडंही सरळ वाढलेली नाहीत. जळणासाठी दर काही वर्षांनी बुंध्यापाशी तोडायची आणि पुन्हा फुटवे येऊ द्यायचे, अशी राखलेली आहेत. आपल्याकडे तोडलेल्या सागाच्या खुंटातून फुटवे आलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना चित्रातले ते गाठीगाठींचे बुंधे लगेच ओळखू येतील.

हा टप्पा बातम्यांमध्ये फार कमी आला. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. जागा सापडायच्या आठ वर्षं आधी कुणीतरी चित्र नीट वाचून काय शोधायचं हे ठरवून ठेवलं होतं: उभा उतार, उघडी मुळं, तोडून राखलेली झाडं. ते वाचन नसतं तर पुढे हाती आलेल्या पोस्टकार्डात बघणाऱ्याला रस्त्याकडेचं गचपण दिसलं असतं आणि कार्ड पुन्हा गठ्ठ्यात गेलं असतं.

पोस्टकार्ड

ओव्हेरमधल्या व्हॅन गॉग इन्स्टिट्यूटचे संशोधन-संचालक वाउटर व्हॅन डर व्हेन 2020 च्या वसंतात कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे स्ट्रासबुर्गच्या घरी अडकले होते. ओव्हेरच्या जुन्या पोस्टकार्डांच्या स्कॅन केलेल्या प्रती त्यांच्या संगणकात होत्या. मूळ कार्डं एका वयोवृद्ध महिलेच्या संग्रहातली. फोनवर बोलता बोलता त्यातलं एक कार्ड समोर स्क्रीनवर उघडलेलं होतं, आणि त्यांची नजर अडकली.

कार्ड 1900 ते 1910 या काळातलं. खाली छापलेलं नाव: रू दोबिन्यी, ओव्हेर-सुर-वाझ. गावातला एक रस्ता, रस्त्यात सायकल घेऊन थांबलेला एक माणूस. फोटो काढणाऱ्याला दाखवायचा होता तो रस्ता आणि तो माणूस. कडेला मात्र एक चढ आला होता, आणि त्या चढावर उघडी पडलेली मुळं आणि बुंधे. कार्ड कृष्णधवल, त्यामुळे रंगांची मदत शून्य. जुळवायचे ते केवळ आकार.

चित्र आणि कार्डाचा तो कोपरा शेजारी शेजारी ठेवून मी पुष्कळ वेळ पाहिलं आहे, आणि इतर कुणीही तसं पाहू शकतो. आधी नजर सगळ्यात जाड बुंध्यावर ठेवायची. मग त्याच्यापासून निघणारी मुळं कुठे वळतात, कुठे एकमेकांना छेदतात, त्यांच्यामध्ये मातीचा उघडा पट्टा कुठे राहतो, हे एकेक करून पुढे जायचं. पहिल्या मिनिटाला वाटतं, मुळं ती मुळं, कुठलीही कुठल्याहीसारखी दिसणार. जसजसे आपण एकाच गाठीवरून दुसऱ्या गाठीकडे सरकतो तसतसं ते वाटणं कमी होत जातं. एक मूळ जुळणं योगायोग असतो. एका ओळीत मोठा बुंधा, त्याच्या बाजूचा फुटवा आणि त्यांच्यामधली मोकळी जागा अशी सगळी मांडणी जुळणं, हे योगायोगाने सहज होत नाही.

लॉकडाऊन उठल्यावर, मे महिन्यात, व्हॅन डर व्हेन प्रत्यक्ष गावी गेले. उतार तिथेच होता. मुख्य बुंधाही होता, 130 वर्षांनंतर. आणि खानावळीपासून अंतर भरलं 150 मीटर.

पुरावा किती वजन पेलतो

शोध लावणाऱ्याने स्वतःच शिक्कामोर्तब केलं नाही, हे या प्रकरणात नोंदवण्यासारखं. साहित्य व्हॅन टिलबोर्ग आणि त्यांचे सहकारी तेयो मेडेनडॉर्प यांच्यासमोर ठेवलं गेलं, बर्ट माइसही त्यात होते. चित्र, कार्ड आणि आजचा उतार यांची तुलना झाली. निष्कर्ष असा आला की ही जागा बरोबर असण्याची शक्यता फार मोठी आहे. 'सिद्ध झालं' असं त्यांनी म्हटलं नाही. मला हे आवडलं. बातम्यांच्या मथळ्यांमध्ये अर्थातच तो फरक उरला नाही.

शंकेला जागा कुठे आहे? पहिली, काळाची. चित्र 1890 चं, कार्ड त्यानंतर 10 ते 20 वर्षांनी काढलेलं. एवढ्यात झाडं वाढतात, पडतात, तोडली जातात. पण इथेच माइस यांचं जुनं निरीक्षण कामाला येतं. तोडून राखलेल्या झाडाचे फुटवे बदलत राहतात, खुंट मात्र तोच राहतो. गाठी जाड होतात, जागा सोडत नाहीत. साधं सरळ वाढलेलं झाड असतं तर एवढ्या वर्षांनी ओळख पटणं अवघड गेलं असतं.

दुसरी शंका कोनाची. फोटोग्राफर रस्त्याच्या लांबीकडे बघत उभा आहे, चित्रकार उताराकडे तोंड करून. त्यामुळे कार्डात उतार तिरका आणि आखडलेला दिसतो. तुलना करताना ही सूट द्यावी लागते, आणि सूट दिली की मनाला हवं ते जुळवून घेण्याचा धोका आलाच. यावर उपाय म्हणजे प्रत्यक्ष उतार, आणि तो सुदैवाने शाबूत होता. त्यावर कुणी घर बांधलं नाही, रस्ता रुंद करताना कुणी तो कापला नाही.

अंतराचा मुद्दा मी वेगळा ठेवतो. जागा खानावळीजवळ आहे म्हणून ती खरी, असं म्हणता येत नाही. खानावळीजवळ इतरही उतार असतील. मात्र जागा इतर कारणांनी पटल्यावर अंतर बरंच काही उलगडतं. हा रस्ता व्हिन्सेंटच्या रोजच्या वाटेवरचा होता. गावातल्या शातोच्या, म्हणजे जुन्या गढीवजा वाड्याच्या, मागे पसरलेल्या शेतांत तो शेवटच्या आठवड्यातही रंगवायला जात होता, आणि तिकडे जाताना या उतारावरूनच पुढे जाई. म्हणजे ही मुळं त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली नाहीत. अनेकदा पाहून, एके दिवशी त्याने ईझल तिथे उभं केलं.

27 जुलै, रविवार

जागा कळली की उन्हाची दिशा कळते, आणि उन्हाची दिशा कळली की वेळ. चित्रातला प्रकाश त्या उतारावर ज्या बाजूने पडलेला आहे, त्यावरून शेवटचे फटकारे दुपार कलल्यावर मारलेले असावेत, असं व्हॅन डर व्हेन यांनी मांडलं. बोंगर सकाळ म्हणतो, प्रकाश उतरती दुपार म्हणतो. दोन्ही एकत्र धरलं तर व्हिन्सेंट त्या दिवशी बहुतेक दिवसभर एकाच चित्रावर काम करत होता.

खानावळवाल्याची मुलगी अडेलीन राव्हू हिने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी याच्याशी भांडत नाहीत. तो दुपारी जेवला, पुन्हा बाहेर पडला, आणि अंधार पडता पडता पोटाला हात धरून परतला. 150 मीटर म्हणजे चार मिनिटांचीही वाट नाही. मीटरभर रुंदीचा ओला कॅनव्हास घेऊन शेतातून यायचं तर त्रास होतो, रंग लागतात, वारा असला तर कॅनव्हास शिडासारखा ओढतो. इथून मात्र जेवायला येऊन परत स्पॉटवर जाणं, आणि काम थांबवल्यावर चित्र खोलीवर ठेवणं, दोन्ही सहज जमण्यासारखं. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, पण बाहेर बसून काम करणाऱ्याला तो पटेल.

यावरून त्याने गोळी का झाडली हे कळत नाही. 2011 साली दोन अमेरिकी चरित्रकारांनी तर गोळी त्याने स्वतः झाडलीच नाही, गावातल्या पोरांच्या हातून सुटली असावी, असं मांडलं होतं. बहुतेक अभ्यासकांनी ते मानलं नाही. जागेच्या शोधाने त्या वादाचा निकाल लागत नाही. शेवटच्या दिवसातली रिकामी जागा मात्र पुष्कळ आक्रसते. दिवसभर झुरत बसलेला, अचानक शेतात धावत सुटलेला वेडा चित्रकार ही जी प्रतिमा आपण पिढ्यान्‌पिढ्या चघळली, तिला तासच उरत नाहीत.

याहूनही मोठी गोष्ट मला वेगळीच वाटते. ही जागा सापडू शकली, कारण चित्रकाराने जे समोर होतं ते रंगवलं होतं. मुळांना निळा रंग त्याने दिला, फटकारे आपल्या पद्धतीने वळवले, पण कुठलं मूळ कुठून निघतं आणि कुठे जातं हे त्याने बदललं नाही. तो हवं तेव्हा बदलू शकत होता. वर्षभरापूर्वी सँ-रेमीत काढलेल्या 'तारांकित रात्र' या चित्रात खाली जे गाव आहे ते त्याच्या खिडकीतून दिसतच नव्हतं. ते त्याने आणून बसवलं. इथे काही आणून बसवलं असतं तर कुठल्याही पोस्टकार्डाने जागा सापडली नसती. ज्या चित्राला आपण भ्रमिष्ट मनातून उमटलेली अमूर्त आकृती म्हणत होतो, ते काळजीपूर्वक केलेलं निरीक्षण निघालं, आणि तेही मरणाच्या दारातल्या माणसाने त्याच दिवशी केलेलं. त्याचा हात आणि डोळा शेवटपर्यंत शाबूत होते. पोस्टकार्डातल्या त्या खुंटाने दिलेली ही साक्ष कुठल्याही चरित्रातल्या तर्कापेक्षा मला भक्कम वाटते.

मुळंच का

1882 साली, हेगमध्ये असताना, व्हिन्सेंटने वाळूत रोवलेल्या आणि वादळाने अर्धवट उपटलेल्या झाडाच्या मुळांचं एक रेखाटन केलं होतं. तेओला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, मातीला जिवाच्या आकांताने धरून बसलेल्या त्या काळ्या, गाठाळ मुळांमध्ये त्याला जगण्याच्या झगड्याचं काहीतरी पकडायचं होतं. त्याच वेळच्या एका दुःखी स्त्रीच्या रेखाटनात जे पकडायचं होतं, तेच. हे रेखाटन आज नेदरलँड्समधल्या क्रॉलर-म्युलर संग्रहालयात आहे. आणि कावळ्यांच्या शेतांचा उल्लेख असलेल्या 1890 च्या त्याच जुलैच्या पत्रात तो लिहितो की, आपल्या आयुष्यावरही मुळाशीच घाव बसला आहे.

या दोन पत्रांमुळे व्हॅन डर व्हेन या चित्राकडे रंगांत लिहिलेला निरोप म्हणून पाहतात. मी इथवर जात नाही. आठ वर्षं एक विषय मनात घर करून होता, आणि रोजच्या वाटेवर तो विषय ऊन झेलत उभा होता, एवढं नक्की म्हणता येतं. बोंगरला त्या चित्रात चैतन्य दिसलं होतं, तेही विसरून चालणार नाही. तोडल्यावर पुन्हा फुटणारी झाडं कुणी निरोपासाठी निवडेल का, हा प्रश्न मला पडतो. त्याच झाडांकडे कुणी झगड्याची खूण म्हणून बघेल, हेही तितकंच खरं.

उताराचं पुढे काय

28 जुलै 2020 ला, मृत्यूच्या 130 व्या वर्षी, जागेचं जाहीर अनावरण झालं. म्युझियमच्या संचालक एमिली गॉर्डेनकर आणि तेओचे पणतू विलेम व्हॅन गॉग हजर होते. उताराला लाकडी संरक्षण घालण्यात आलं. थोड्याच काळात रस्त्याकडेच्या त्या पट्टीची मालकी कुणाची, गावच्या पालिकेची की मागच्या घरमालकांची, यावरून वाद उभा राहिला आणि कोर्टात गेला. तोवर वर्षानुवर्षं त्या खुंटाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

मालकी कुणाचीही ठरो, खरं काम झाडांच्या जाणकारांचं आहे. उघडा पडलेला उतार दर पावसात थोडा थोडा धुपतो, आणि जुना खुंट कुजतो. उतार सिमेंटने बांधून काढला तर मातीतली मुळं गाडली जातील. तसाच सोडला तर एक दिवस खचेल. धूप थोपवायला आजूबाजूच्या झाडांना वेळच्या वेळी तोडून पुन्हा फुटू देणं, म्हणजे 1890 साली तिथले लोक जे करत होते तेच करत राहणं, हा मला सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो.